सोंगक्रान, गाडीचा रंग आणि जपणुकीचा हिशेब

थायलंडमध्ये नवी गाडी घेतली की बरीच कुटुंबे ती आधी विहारात घेऊन जातात. भिक्खू सुगंधी पाण्यात कालवलेल्या पांढऱ्या मातीत बोट बुडवतो, चालकाच्या डोक्यावर येणाऱ्या छताला आतल्या बाजूने ठिपके टेकवतो किंवा एखादे यंत्र रेखतो, मंतरलेले पाणी शिंपडतो आणि गाडी रस्त्यावर जायला मोकळी होते. या विधीला तिथे ‘जेम’ म्हणतात. छताचे ते ठिपके पुढे वर्षानुवर्षे कोणी पुसत नाही. दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालून कुंकवाचे स्वस्तिक काढणाऱ्या मराठी माणसाला यात नवल वाटायचे कारण नाही. नवल पुढे आहे. विधीतली ही माती बहुधा दिन्सोफोंग असते, म्हणजे लोपबुरी प्रांतात तयार होणारी मऊ, पांढरी चुनखडीची माती. एप्रिलच्या मध्यावर सोंगक्रान आला की हीच माती बादल्यांत कालवली जाते, लोक ती एकमेकांच्या गालांना लावतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांच्या काचांवर, बॉनेटवर तिचे पंजे उमटवतात. ज्या मालकाने छताला ती माती हात जोडून लावून घेतली, तोच मालक ती बाहेरच्या रंगाला लागू नये म्हणून सणाच्या आधी गाडीला वॅक्स चढवतो आणि सण संपताच पाण्याचा पाइप घेऊन धावतो. आत लागली तर आशीर्वाद आणि बाहेर लागली तर नुकसान, हा दुटप्पीपणा झाला का? बौद्ध धर्म मानणाऱ्या माणसाने, आणि तेही अनित्यतेची आठवण देणाऱ्या नववर्षाच्या दिवशी, पत्र्यावरच्या चकाकीचा इतका घोर लावून घ्यावा का? प्रश्न वरवर पाहता किरकोळ आहे. पण जपणूक कुठे संपते आणि आसक्ती कुठे सुरू होते, हे मोठमोठ्या त्यागाच्या कथांपेक्षा अशा किरकोळ ठिकाणी जास्त नीट तपासता येते, कारण इथे कोणी संत नाही आणि कोणी राक्षसही नाही.

आधी सणाकडे पाहू. सोंगक्रान १३ ते १५ एप्रिल या तीन दिवसांत होतो. सूर्य मेषेत जाण्याशी त्याचा जुना संबंध आहे. म्यानमारमध्ये, लाओसमध्ये, कंबोडियात याच सुमाराला नववर्ष येते आणि तिथेही पाणी असतेच. २०२३च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोने थायलंडचा सोंगक्रान मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला. परदेशी पाहुण्याला त्यातले काय दिसते, तर बँकॉकच्या खाओ सान आणि सीलोम रस्त्यांवरच्या पिचकाऱ्या, नाहीतर चियांग मायच्या जुन्या खंदकातून बादल्या भरभरून फेकले जाणारे पाणी. पण सणाचा गाभा याहून शांत आहे. बुद्धमूर्तीवर सुगंधी पाणी घालतात. घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर बसून त्यांच्या हातांवर पाणी ओततात, वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागतात आणि त्यांचे आशीर्वाद घेतात. या विधीतली एक गोष्ट पुढच्या विवेचनासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे: आजी आधी ओंजळ पुढे करते, मग नातू पाणी ओततो. ओंजळ पुढे आलेली नसेल तर पाणी पडत नाही. दुसरी प्रथा वाळूची. विहाराच्या आवारात लोक वाळूचे छोटे स्तूप रचतात, आणि त्यामागचे कारण असे सांगतात की वर्षभर विहारात येता-जाता पायांना चिकटून तिथली वाळू आपल्या घरी गेलेली असते. ती संघाची वस्तू, म्हणून ती परत करायची. तळव्याला चिकटलेल्या कणांचाही हिशेब ठेवणारा हा सण आहे. तेव्हा ‘सण आहे, वस्तूंचे काय घेऊन बसलात’ हा युक्तिवाद निदान सोंगक्रानच्या नावाने तरी करता येत नाही.

आता गाडीच्या रंगाचे प्रत्यक्षात काय होते ते पाहू, कारण तत्त्वचर्चेत तपशील सुटला की निष्कर्षही वाकडा जातो. आजच्या मोटारीच्या पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक थर असतो, ज्याला गॅरेजवाले क्लिअरकोट म्हणतात. चकाकी या थराची. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी. नुसत्या पाण्याने त्याला काही होत नाही. पावसाळाभर गाडी भिजतेच. गाडीला त्रास होतो तो तीन गोष्टींनी. एक, एप्रिलचे ऊन. थायलंडच्या मध्य आणि उत्तर भागात पारा ४०च्या आसपास असतो, बॉनेटवर हात ठेववत नाही, आणि अशा तापलेल्या पत्र्यावर खंदकाचे किंवा नळाचे जड पाणी पडले की ते बघता बघता वाळते, पाण्यातले क्षार मागे राहतात आणि त्यांचे पांढरे डाग थरात चावून बसतात. दोन, बर्फाचे पाणी. सणात पिंपात बर्फाच्या लाद्या टाकायची मोठी हौस असते. रंगाला त्याने फारसे काही होत नाही, पण काचेला आधीच टवका गेलेला असेल तर तापलेल्या काचेवर ते पाणी पडताच चीर लांबते. तीन, ती पांढरी माती. ओली असेपर्यंत ती निरुपद्रवी असते. वाळली की तिच्यात मिसळलेली रस्त्याची धूळ आणि बारीक रेती पत्र्याला चिकटून राहते, आणि मग कोणीतरी कोरडे फडके घेऊन ती पुसायला जाते. उन्हात तिरके पाहिल्यावर बॉनेटवर जे कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसतात, ते त्या फडक्याचे.

सणानंतर गाडी कशी धुवावी, याबद्दल जाणकारांचा सल्ला म्हणूनच सरळ आहे. सणाच्या आधी वॅक्स किंवा कोटिंग करून घ्यावे म्हणजे माती घट्ट धरत नाही. गाडी आधी सावलीत उभी करून पत्रा निवू द्यावा. मग हात न लावता भरपूर स्वच्छ पाणी वरून खाली सोडावे आणि माती आपोआप वाहून जाऊ द्यावी. त्यानंतर गाडीचा शाम्पू आणि मऊ मायक्रोफायबर कापड, आणि कापड पिळायला वेगळी बादली, म्हणजे निघालेली रेती पुन्हा पत्र्यावर फिरत नाही. शेवटी पाणी अंगावर वाळू न देता टिपून घ्यायचे. भांडी घासण्याची पावडर किंवा साबण लावायचा नाही, कारण त्याने वॅक्सही निघून जाते. या यादीत एक गोष्ट डोळ्यांत भरते: बहुतेक नुकसान पाणी फेकणाऱ्याने केलेले नसते. ते मालकाने चिडून, घाईत, वाळलेल्या मातीवर फिरवलेल्या हाताने केलेले असते. जमाव डाग देतो. ओरखडा मालकाच्याच हातून पडतो. दुःखाचे मूळ बाहेर शोधू नका असे सांगणाऱ्या परंपरेला याहून सोयीचे उदाहरण मिळणार नाही, पण त्या मोहात मी इथे फार शिरत नाही. मला एवढेच नोंदवायचे आहे की रंग वाचवण्याचा सगळा मार्ग मालकाच्या स्वतःच्या श्रमातून जातो. आधी थोडी तयारी, नंतर थोडा धीर. त्यात दुसऱ्या कोणाला काही करायला, किंवा करायचे थांबवायला, सांगावे लागत नाही.

पण असे श्रम करावेत का? इथे बौद्ध ग्रंथांची साक्ष काढायला हवी, आणि ती अनेकांच्या अपेक्षेविरुद्ध जाते. विनयपिटकात, म्हणजे संघाच्या नियमसंग्रहात, भिक्खूच्या मोजक्या वस्तूंची निगा कशी राखायची याचे नियम इतके बारीक आहेत की आजच्या वाचकाला ते एखाद्या कंपनीच्या सूचनापुस्तिकेतले वाटावेत. चीवराची, म्हणजे भिक्खूच्या वस्त्राची, घडी करताना दोन्ही काठ चार बोटे मागेपुढे ठेवायचे, म्हणजे रोज त्याच जागी घडी पडून कापड मधोमध विरत नाही. भिक्षापात्र खाटेखाली ठेवायचे तर एका हातात पात्र धरून दुसऱ्या हाताने आधी जमीन चाचपायची. पात्र उघड्या जमिनीवर ठेवायचे नाही, कडेला ठेवायचे नाही, हातात पात्र असताना दार लोटायचे नाही. ओले पात्र तसेच ठेवून द्यायचे नाही. पण वाळवायला म्हणून उन्हात ठेवून विसरायचेही नाही, आणि या नियमाचे कारण विनयातल्याच चुल्लवग्गात जे दिले आहे ते आपल्या विषयाच्या अगदी जवळचे आहे: उन्हात ठेवलेल्या पात्राचा रंग बिघडत होता. ज्याने घर, कुटुंब, नाव सगळे सोडले त्याच्यासाठी, त्याच्या भांड्याच्या रंगासाठी, हा नियम. बुद्धाला अनित्यता माहीत नव्हती म्हणून हे नियम झाले असे तर कोणी म्हणणार नाही. वस्तू नाशवंत आहे हे ज्याला खरोखर कळले त्याने ती वेळेआधी नासवू नये, एवढाच त्यांचा अर्थ निघतो. बुद्धाचा शिष्य आनंद आणि राजा उदयन यांची गोष्टही याच ग्रंथात येते. राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दिली म्हणून राजाने थोड्या रागानेच विचारले, इतक्या वस्त्रांचे करणार काय? ज्यांची चीवरे विरली आहेत त्यांना देऊ. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे. जुन्या पांघरुणांच्या गाद्यांच्या खोळी, खोळींची जमिनीवर अंथरायची बसकरे, त्यांची पायपुसणी, पायपुसण्यांची झटकणी; आणि झटकणीही फाटली की तिच्या चिंध्या चिखलात तुडवून त्याने जमीन लिंपायची. या उत्तराने राजा इतका प्रसन्न झाला की त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

हे झाले भिक्खूंचे. गृहस्थासाठी तर सांगणे आणखी सरळ आहे. अंगुत्तर निकायात दीघजाणू नावाचा कोलिय कुळातला गृहस्थ बुद्धाकडे येतो आणि म्हणतो, आम्ही मुलाबाळांत राहणारी, चंदन लावणारी, सोने-रुपे बाळगणारी माणसे; आमच्या उपयोगाचे काही सांगा. बुद्ध त्याला इहलोकीच्या सुखाच्या चार गोष्टी सांगतो, आणि त्यात उद्योगाच्या लगेच खालोखाल येते ते कष्टाने आणि धर्माने मिळवलेल्या संपत्तीचे रक्षण. कोणापासून रक्षण, तेही सांगितले आहे: राजा, चोर, आग, नावडते वारस, आणि पाणी. तिथे पाणी म्हणजे पूर, पिचकारी नव्हे, हे उघड आहे. पण जपणुकीला तत्त्वतः मान्यता आहे, हेही तितकेच उघड आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाला ही बाजू परकी वाटू नये. १९५० साली ‘महाबोधी’ मासिकात बुद्धधर्माच्या भवितव्याविषयी लिहिताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्माच्या कसोट्या मांडल्या, आणि धर्माने दारिद्र्याचे गोडवे गाऊ नयेत, ही त्यांतली एक होती. ज्याच्याकडे आहे त्याने सोडणे वेगळे आणि ज्याच्याकडे नाही त्याला नसण्यातच पुण्य आहे असे शिकवणे वेगळे, हा फरक त्यांनी स्पष्ट केला. हप्ते फेडत घेतलेली पिकअप ज्याच्या दारात उभी आहे, त्याला तिच्या रंगाची काळजी वाटली म्हणून धर्माच्या नावाने हसणे या कसोटीला उतरत नाही.

मग आसक्ती कशाला म्हणायचे? नेहमीचे उत्तर असे की जपण्याची भावना फार तीव्र झाली की ती आसक्ती. हे उत्तर मला अपुरे वाटते. तीव्रता मोजणार कोण? आणि पात्र ठेवण्याआधी जमीन चाचपणाऱ्या भिक्खूची काळजी काय कमी तीव्र आहे? वर सांगितलेले सगळे नियम पुन्हा पाहिले तर फरक दुसरीकडे सापडतो. ते सगळे वस्तू वापरणाऱ्याला उद्देशून आहेत. दार लोटू नकोस, कडेला ठेवू नकोस, उन्हात विसरू नकोस. ‘माझ्या पात्राजवळून सांभाळून जा’ असे इतरांना बजावण्याचा अधिकार त्यात भिक्खूला कुठे दिलेला नाही. जपणुकीचा खर्च जोवर जपणारा स्वतः उचलतो, आपल्या वेळेने, श्रमाने, पैशाने, गैरसोयीने, तोवर ती जपणूक आहे. तो खर्च ज्या क्षणी तो दुसऱ्यावर टाकतो, दुसऱ्याच्या आनंदावर, त्याच्या सुरक्षिततेवर किंवा सन्मानावर, त्या क्षणी वस्तूने त्याला धरलेले असते. सणाच्या आदल्या दिवशी वॅक्स लावणारा, गाडी घरी ठेवून बसने जाणारा, चार गल्ल्या पलीकडे गाडी लावून पायी येणारा, संध्याकाळी पाइप धरून अर्धा तास उभा राहणारा हे सगळे एका बाजूला. सणाच्या रस्त्यात गाडी घालून, हॉर्न दाबून, काच खाली करून पोरांना शिव्या देणारा दुसऱ्या बाजूला. दोघांना रंग सारखाच प्रिय असेल. किंवा पहिल्यालाच जास्त.

यावर पहिला आक्षेप अनित्यतेचा येतो, आणि त्याला वजन आहे. सगळेच जर नासणारे आहे तर गाडीवर पडलेला पहिला ओरखडा हाच खरा गुरू नव्हे काय? ईशान्य थायलंडचे प्रसिद्ध वनवासी भिक्खू अजान चा पाणी पिण्याच्या पेल्याचे उदाहरण देत: माझ्यासाठी हा पेला आधीच फुटलेला आहे. हे वाक्य अनेकदा अर्धेच ऐकले जाते. पेला फुटलेलाच आहे असे मानणारा माणूस तो आपटत नाही. तो त्यातून पाणी पितो, धुऊन ठेवतो, आणि एक दिवस हातून निसटला तर आकांत करत नाही. अनित्यतेचे ज्ञान वस्तू फुटल्यानंतर काय करायचे ते सांगते, ती फोडायचा परवाना देत नाही. आणि यात एक बारीक लबाडीही शिरते. अनित्यतेचा धडा ज्याचा त्याने आपल्या वस्तूवर गिरवायचा असतो. दुसऱ्याच्या बॉनेटवर मातीचा पंजा मारून ‘सगळे अनित्य आहे’ म्हणणे म्हणजे आपली शिकवणी दुसऱ्याच्या खर्चाने चालवणे. म्हणजे माझी कसोटी फेकणाऱ्यालाही लागू होते. मालकाला एक न्याय आणि जमावाला दुसरा, असे तिच्यात नाही.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा: सणाचे पाणी पवित्र, ते धुऊन टाकले तर आशीर्वादही गेला. याचे उत्तर त्रिपिटकातच इतके रोखठोक आहे की फार थांबायची गरज नाही. मज्झिम निकायातल्या वत्थूपम सुत्तात सुंदरिक भारद्वाज नद्यांत स्नान करून पाप धुण्याचा विषय काढतो आणि बुद्ध त्याला सांगतो की दुष्कर्म नदीत धुतले जात नाही. थेरीगाथेतली, म्हणजे भिक्खुणींच्या काव्यातली, पुण्णिका ही पाणी भरणारी दासी; थंडीत नदीत बुडी मारणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते की तसे असेल तर बेडूक, कासवे आणि पाण्यातले इतर जीव सगळेच स्वर्गाला जायला हवेत. पाण्यात पुण्य नसेल तर पाणी निथळल्याने पुण्य जातही नाही. शिवाय जेम करणाऱ्यांचा व्यवहारही हेच सांगतो. भिक्खू ठिपके छताला आतून लावतो, जिथे पाऊस, ऊन आणि धुण्याचे पाणी पोचत नाही. गाडी धुतली जाणार हे त्यालाही ठाऊक असते.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र मला थोडे नमते घ्यावे लागते. पात्र ही गरज आहे, चकाकी हा डौल आहे. दोन्ही एकाच तागडीत कसे घालता? रंगाचे काम केवळ दिसणे नसते, तो पत्र्याची ढाल असतो, दमट हवेच्या आणि समुद्रकाठच्या प्रदेशात रंग उडाला की गंज धरतो, हे सगळे खरे. पण क्लिअरकोटवरच्या बारीक ओरखड्याने गंज चढत नाही, आणि आरशासारख्या बॉनेटवर कोटिंगचे थरावर थर चढवणारा माणूस गंजाला भीत नसतो, हेही खरे. विनयातही ही सीमा आखलेली आहे. पात्र जपायचे, पण सोन्याचांदीचे किंवा रत्नजडित पात्र चालत नाही. लोखंडाचे किंवा मातीचे चालते. पात्राला तडे जाऊन पाच ठिकाणी सांधेपर्यंत भिक्खूला नवे मागता येत नाही. म्हणजे वस्तू टिकवायची ती वापरण्यासाठी, आणि वापरता वापरता तिच्या अंगावर सांधे दिसू लागले तर त्यांची लाज बाळगायची नाही. या मापाने पाहिले तर बराचसा कारशौक डौलाच्या खात्यात जातो, आणि तो तिथे जाऊ द्यावा. गृहस्थाला थोडा डौल माफ आहे. दीघजाणूला चंदन लावू नकोस असे कोणी म्हटले नाही. मात्र डौलाचा खर्च दुसऱ्याकडून वसूल करण्याचा हक्क तर गरजेच्या वस्तूपेक्षाही कमी. चकाकी जितकी अनावश्यक, तितकी ती सांभाळण्याची जबाबदारी फक्त मालकाची.

चौथा आक्षेप सामाजिक आहे आणि तो सर्वांत बोचरा आहे. सोंगक्रानची गंमत अशी की तीन दिवस साहेब आणि शिपाई, परदेशी आणि रिक्षावाला सारखेच भिजतात. काचा लावून, एसी चालू ठेवून त्यातून जाणारी मोटार ही समता मोडते. ती सणात येते पण सणाची होत नाही. पिकअपच्या हौद्यात पाण्याचे पिंप ठेवून फिरणारी कुटुंबे यातून सुटतात, कारण ती स्वतःही भिजत असतात. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष गाडी खराब करा असा नाही, गाडी तिथे आणू नका असा आहे. नाशिकच्या जुन्या भागात पेशवेकाळापासूनच्या रहाडी आहेत. रंगपंचमीला त्या उघडतात, रंगीत पाण्याने भरतात आणि लोक त्यांत उड्या मारतात. रहाडीवर जाणारा माणूस भिजायलाच जातो. तिथे कोरडे राहण्याची तक्रार चालत नाही आणि तिथून दूर असलेल्याला ओढून आणायची गरज उरत नाही. जागा ठरलेली असली की संमती वेगळी मागावी लागत नाही. चियांग मायच्या खंदकाकाठचे रस्ते त्या तीन दिवसांपुरते रहाडीच असतात. तिथे आरशासारखी गाडी घेऊन शिरणाऱ्याने ओंजळ पुढे केलेलीच आहे. पाणी पडल्यावर हात मागे घेता येत नाही.

आणि समतेचाच विचार करायचा तर तो दुचाकीवाल्यापाशी न्यावा लागतो, ज्याला ना काच आहे ना क्लिअरकोट. थायलंडचे सरकार सोंगक्रानच्या आसपासचे सात दिवस ‘धोक्याचे सात दिवस’ म्हणून मोजते. अलीकडच्या वर्षांत या एका आठवड्यात रस्त्यांवर दोनशेहून अधिक माणसे मरतात. बहुसंख्य अपघात मोटरसायकलींचे असतात आणि कारणांत वेग आणि दारू सर्वांत वर. धावत्या मोटरसायकलवर बादलीभर पाणी अचानक आदळले तर स्वार पडू शकतो, हे सांगायला आकडे नकोत. म्हणूनच अनेक ठिकाणी जोराच्या पिचकाऱ्या आणि पावडर यांवर अधूनमधून बंदी येते. आपल्या गाडीवर मातीचा डाग पडला म्हणून संतापणारा मालक जर स्वतःच्या पिकअपमधून शेजारच्या स्कूटरवर पाणी फेकत असेल, तर त्याचा सगळा हिशेब उलटा झालेला आहे. दीघजाणूला सांगितलेले रक्षण संपत्तीचे होते. पंचशीलातले पहिले शील जिवाचे आहे, आणि ते आधी येते.

या कसोटीत एक जागा अडचणीची उरते, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. टॅक्सीवाल्याचे काय? त्याला सणात गाडी घरी ठेवता येत नाही, उलट हेच त्याच्या कमाईचे दिवस. तो डौलासाठी आलेला नाही, त्याने ओंजळ पुढे केलेली नाही, आणि त्याच्या आरशाला लटकणारी माळ मॅ या नांगसाठी आहे, पूर्वी होड्यांची आणि आता वाहनांची राखण करणाऱ्या देवतेसाठी. त्याने धीर धरावा, नंतर नीट धुवावे, हा उपदेश त्याला करणे म्हणजे पुन्हा खर्च त्याच्यावरच टाकणे. त्याच्या बाबतीत हिशेब फेकणाऱ्याकडे जातो. वाजवी अपेक्षा एवढीच करता येईल की भाड्याच्या गाडीवर, मालवाहू गाडीवर आणि अँब्युलन्सवर माती लावू नये, नुसते पाणी चालेल, तेही गाडी थांबलेली असताना. आणि भरात पांढरा पंजा उमटलाच, तर तो वाळायच्या आत वरून स्वच्छ पाण्याची एक बादली ओतून द्यावी. पिंप शेजारीच असते, आणि त्या दिवशी पाणी ओतल्याबद्दल कोणी रागावतही नाही.